गालिच्यावरचा फाउल

जावयाने सासऱ्यांना पाडलं, याबद्दल घरात दुमत नव्हतं. सासूबाई, बायको आणि मामा अशा तिघांच्या डोळ्यांदेखत, दिवाणखान्याच्या भर मध्यावर, टीव्हीवर मॅच चालू असताना त्याने त्यांना आडवं केलं होतं. वाद होता तो एवढाच, की मुद्दाम पाडलं की चुकून. पण या एवढ्याशा वादाने पुढे घरात दोन तट पडले, एका डॉक्टरांची अब्रू पणाला लागली आणि नव्याने थाटलेला एक संसार दोन शहरांत विभागला जाण्याची वेळ आली.

सासरे छापखान्यातून निवृत्त झाले होते, पण सगळा परिसर त्यांना ओळखत होता तो फुटबॉलचे पंच म्हणून. कित्येक वर्षं दर रविवारी त्यांनी मैदानावर शिट्टी फुंकली होती. अजूनही त्यांच्या सदऱ्याच्या खिशात शिट्टी आणि दोन कार्डं असत, एक पिवळं, एक लाल. घरातून निघताना ते चष्मा विसरत, किल्ली विसरत, कार्डं कधी विसरत नसत. कुणाचं काही चालायचं नाही त्यांच्यापुढे, आणि खोटं पडणाऱ्या खेळाडूचं तर मुळीच नाही. एकदा एक खेळाडू पाय धरून विव्हळत स्ट्रेचरवर निघाला असताना त्यांनी स्ट्रेचर थांबवून त्याला पिवळं कार्ड दाखवलं, तेव्हा तो गडी खाली उतरला आणि स्ट्रेचर स्वतःच उचलून घेऊन गेला, असं मामा सांगत. मामांच्या सांगण्यातलं निम्मं सोडून दिलं तरी उरलेलं निम्मं खरं असणार, असं सासऱ्यांकडे बघून वाटायचं.

अशा माणसाच्या घरात मॅच नुसती बघितली जात नसे. एखाद्या फाउलवर वाद झाला की त्याचं प्रात्यक्षिक व्हायचं. मधलं टेबल भिंतीला लागायचं, गोल उशी बॉल व्हायची आणि गालिच्यावर तो प्रसंग पुन्हा घडवला जायचा. पूर्वी नव्या पंचांना सासरे असंच शिकवत, ती सवय अंगात मुरली होती. सासूबाई तर आवाज चढले की कुणी न सांगता फुलदाणी उचलून फ्रिजवर ठेवायच्या आणि पुन्हा आपल्या जागी येऊन बसायच्या.

त्या शनिवारी फुलदाणी फ्रिजवर गेली ती उत्तरार्धात. लाल संघाचा बचावपटू घसरत आला आणि त्याने निळ्या संघाच्या एका कोवळ्या पोराला असं काही उडवलं की त्याला उचलून बाहेर न्यावं लागलं.

"मुद्दाम," सासरे म्हणाले.

"छे, पाय घसरला बिचाऱ्याचा," मामा म्हणाले. मामा म्हणजे सासूबाईंचे धाकटे भाऊ. समोरच्या इमारतीत राहायचे, लाल संघाचे जन्मापासूनचे भक्त, आणि मॅच मात्र बहिणीकडेच बघायचे.

"बिचारा? त्याची नजर बघ. बॉलवर नाहीच, सरळ घोट्यावर आहे."

"भाऊजी, टीव्हीत माणसं दिसतात बोटाएवढी. तुम्हाला नजर कुठून दिसली?"

जावई सोफ्याच्या टोकाला बसला होता. तो लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, फुटबॉलमधलं त्याला बेताचंच कळायचं. लग्नाला सहाएक महिनेच झाले होते. एरवी त्याने अशा वेळी मूग गिळून बसायचं धोरण ठेवलं असतं. पण आज त्याला सासऱ्यांशी बोलायचं होतं, कशावरही. आठवड्यापूर्वी त्याने आणि बायकोने घरात सांगितलं होतं की त्याला लांबच्या मोठ्या शहरात चांगली नोकरी मिळाली आहे आणि दोघं तिकडे चालले आहेत. ते ऐकायला सासऱ्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला होता, सगळं ऐकून "अच्छा" म्हणाले होते आणि आवाज पुन्हा चालू केला होता. बस, तेवढंच. त्याआधी ते त्याला "अरे पोरा" म्हणायचे, त्या दिवसापासून "जावईबापू" म्हणू लागले. ते ऐकून त्याला आपण परके पाहुणे झाल्यासारखं वाटायचं, आणि ते त्याला फार लागत होतं. त्याचे स्वतःचे वडील तो लहान असतानाच गेले होते. "अरे पोरा" म्हणणारं दुसरं कुणी नव्हतं.

म्हणून त्याने घसा साफ केला आणि दोघांनाही पटेल असं काहीतरी बोलायला गेला.

"म्हणजे कसं, तो घसरायला लागला तेव्हा बॉल तिथंच होता. मग बॉल हलला. एकदा घसरलेला माणूस मध्येच थांबणार कसा?"

मामांनी टाळी वाजवली. सासऱ्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला.

"जावईबापू," ते म्हणाले, "दाखवा."

टेबल भिंतीला गेलं. सासरे निळा खेळाडू होऊन गालिच्यावर उभे राहिले, पुढ्यात गोल उशी. जावयाला सांगितलं गेलं की स्वयंपाकघराच्या दारापासून यायचं, घसरायचं, पण सावकाश, टीव्हीत पुन्हा दाखवतात तसं. सावकाश घसरणं ही गोष्ट जगात कुणाला जमत असेल तर असो. त्यातून सासूबाईंनी सकाळीच फरशी चकचकीत पुसून घेतली होती, आणि जावयाच्या पायांत नवेकोरे मोजे होते. तो दारापासून निघाला तेव्हा सावकाशच होता. गालिच्यापाशी पोचला तेव्हा त्याचा स्वतःवर काही ताबा उरला नव्हता. त्याचा एक पाय गालिच्याच्या काठात गेला, गालिचा सासऱ्यांसकट सरकला, दुसरा पाय त्यांच्या घोट्यावर बसला, आणि उशी उडून फ्रिजवरच्या फुलदाणीला लागली.

सासरे उताणे पडले होते. त्यांनी तोंडातून हूं की चूं काढलं नाही. पडल्यापडल्याच त्यांनी खिशात हात घातला, लाल कार्ड काढलं आणि जावयाच्या तोंडासमोर धरलं.

खरी पंचाईत झाली ती त्यानंतर. जावयाने जे केलं ते टीव्हीतल्या फाउलची हुबेहूब नक्कल होती, हे सगळ्यांना मान्य होतं. मग जावयाने चुकून पाडलं असेल, तर लाल संघाच्या गड्यानेही चुकूनच पाडलं असणार, आणि मामा जिंकले. सासऱ्यांना हे परवडणारं नव्हतं. त्यामुळे सुजलेला घोटा हातात धरून, स्वतःच्या एकुलत्या एका जावयाबद्दल, निव्वळ तत्त्वासाठी ते म्हणाले, "मुद्दाम होतं."

"बाबा, असं काय बोलता?" बायको म्हणाली.

"नजर बॉलवर नव्हती त्याची."

"डोळे मिटले होते त्याने, बाबा. घाबरून."

मामा जावयाच्या बाजूने उभे राहिले, पण त्यांची बाजू घेण्याची रीत अशी होती की त्यापेक्षा विरोध बरा. माणसाला कारण लागतं, जावईबापूंना भाऊजींचा पाय मोडून मिळणार काय, असा त्यांनी जाहीर सवाल केला. त्यावर बायको नको तिथे खरं बोलली. येताना जिन्यात नवरा म्हणाला होता, "आज काहीही करून तुझ्या बाबांना बोलतं करतो." ती हे कौतुकाने सांगायला गेली, आणि सांगताना अर्ध्यावरच तिचा आवाज खाली आला. सगळ्यांनी जावयाकडे पाहिलं.

"काहीही करून," सासरे म्हणाले. मामांनी त्यांच्यासाठी बर्फ आणला.

डॉक्टरांनी एक्स-रे काढला. हाड शाबूत होतं, घोटा मुरगळला होता. त्यांनी पट्टी बांधली आणि आठवडाभरात धावाल म्हणून सांगितलं. खरं तर तिथेच सगळं संपायला हवं होतं. पण डॉक्टरांनी कसं लागलं ते विचारलं, आणि मामांनी ते अथपासून इतिपर्यंत सांगितलं. डॉक्टर निळ्या संघाचे निघाले. त्यांनीही ती मॅच बघितली होती, त्यांनाही त्या कोवळ्या पोराचं वाईट वाटलं होतं, आणि मुद्दाम की चुकून हे घोट्याच्या सुजेवरून सांगता येईल का, असं मामांनी विचारताच ते चाकांच्या स्टुलावर बसल्याबसल्या समजावून सांगू लागले. चुकून येणारा पाय असा येतो, मुद्दाम येणारा असा येतो. "असा" म्हणताना त्यांनी टेबलाला हाताने जोर दिला, आणि ते स्टुलासकट जे सुटले ते मामांच्या नडगीवर जाऊन थांबले.

मामांच्या नडगीचा फुकट एक्स-रे निघाला. तिलाही काही झालेलं नव्हतं, पण मामांच्या मतांना मोठी दुखापत झाली. घरी येताना ते रिक्षात नडगी चोळत होते. उतरताना म्हणाले, "त्या डॉक्टरनं मुद्दाम केलं. मी लालवाला आहे हे कळलं होतं त्याला." आणि थोड्या वेळाने, जिन्यात लंगडत, "भाऊजी, तुमचं बरोबर आहे. एकदा पाय आपल्याकडे येताना दिसला ना, की कळतं."

अशा रीतीने जावयाचा होता नव्हता तो वकीलही विरुद्ध बाजूला गेला.

नवराबायको त्या दिवसापासून तिथेच मुक्कामाला आले. सासऱ्यांना तिसऱ्या मजल्यावरून खाली जाता येत नव्हतं, इमारतीची लिफ्ट बरेच दिवस बंद होती, आणि सासूबाई एकट्या कुठं कुठं पुरणार. जावई सकाळी कामाला जाई, संध्याकाळी येताना सासऱ्यांचं वर्तमानपत्र, बिस्किटं, पायाला लावायचं मलम असं काही ना काही घेऊन येई. सासरे "ठेवा, जावईबापू" म्हणत. त्याने एकदोनदा घोट्याला मलम लावून देतो म्हटलं, तर त्यांनी पाय चटकन पांघरुणात ओढून घेतला.

आठवडा सरला, पण घोटा बरा होईना. सूज उतरली तरी लंगडणं थांबेना. उलट मुलगी समोर असली की ते वाढायचं. खुर्चीतून उठताना ते "आई गं" म्हणत, बसताना पुन्हा म्हणत. डॉक्टर येऊन गेले, दाबून पाहिलं, काय दुखतंय ते त्यांना कळेना, आणि मामांच्या नडगीच्या प्रकरणानंतर जास्त बोलण्याची त्यांची हिंमत नव्हती. त्यांनी अजून थोडी विश्रांती घ्या म्हणून सांगितलं आणि पुढे केलेल्या स्टुलाला हातही न लावता निघून गेले.

जाण्याचा रविवार जवळ आला. बायको सामान भरायला घेई आणि तसंच ठेवून देई. तिच्या मोठ्या बॅगेचं एक चाक लग्नानंतरच्या प्रवासातच तुटलं होतं. ती रिकामी बॅग दिवाणखान्यातून ओढली की खरडत जायची, आणि त्या आवाजाने सासरे डोळे मिटून घ्यायचे. शेवटी बुधवारी संध्याकाळी गॅलरीत कपडे काढता काढता ती नवऱ्याला म्हणाली, "तू पुढे जा. मी बाबांचा पाय बरा झाला की येते."

"कधी बरा होणार?"

"मला काय माहीत?" तिने एक उशीचा अभ्रा दोनदा घडी केला. मग त्याच्याकडे न बघता म्हणाली, "एक विचारू? रागावू नकोस. मुद्दाम नव्हतं ना?"

तो रागावला नाही. रागावता आलं असतं तर बरं झालं असतं. त्याला नुसतं हरल्यासारखं वाटलं. जिच्याबरोबर आयुष्य काढायचं तिलाच आपल्याबद्दल शंका यावी, आणि तीही एका उशीपायी. तो इतकंच म्हणाला, "चिऊ, मला मुद्दाम घसरता येत असतं तर मी फुटबॉलच नसतो खेळलो?" तिला हसू आलं, पण ते फार वेळ टिकलं नाही.

मग तो आपल्याला जे येत होतं ते करायला निघाला. इमारतीची लिफ्ट आपण दुरुस्त करून देतो, असं त्याने इमारतीच्या लोकांना सांगून टाकलं. निदान सासऱ्यांना खाली तरी उतरता येईल. पाय आपण मोडला, तर जिनाही आपणच वाचवावा. शुक्रवारी करतो म्हणाला होता, पण गुरुवारी दुपारी काम लवकर संपलं, म्हणून तो घरी न कळवताच हत्यारांची पिशवी घेऊन आला आणि थेट कामाला लागला.

लिफ्ट जुन्या घाटाची होती, जाळीच्या दाराची, आणि जिना तिच्याभोवती वळत वर जायचा. ती दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकून पडलेली होती. जावई तिच्या टपावर उभा राहून दोरांना वंगण लावत होता. तिथून जाळीतून जिना दिसायचा, पण माणसं पूर्ण दिसायची नाहीत, गुडघ्यापर्यंतचे पाय तेवढे दिसायचे. वरच्या मजल्यावर दार उघडल्याचा आवाज झाला. मग पाय आले. एका पायात चप्पल, दुसऱ्या पायात चप्पल आणि पट्टी.

पाय झपझप उतरत होते. पट्टीचा पाय तर चांगल्या पायाच्या पुढे होता. बरोबर एक मोठी बॅग होती, तुटक्या चाकाची, पण ती उचलून नेली जात होती, एकही पायरी लागू न देता. वळणावर कुणाच्या तरी घरातला एक रबरी बॉल पडला होता. पाय थांबले. बॅग खाली ठेवली गेली. पट्टीच्या पायाने बॉल अलगद मागे ओढला, पंजावर घेतला आणि वर उडवला, आणि बॉल वरच्या वर नाहीसा झाला, म्हणजे हातात झेलला गेला असावा. मग तो बाजूच्या दारापाशी नीट ठेवला गेला आणि पाय खाली निघून गेले.

जावई वंगणाचा डबा हातात धरून तसाच उभा राहिला. त्याला आधी संताप आला. दहा-बारा दिवस त्याने मान खाली घालून बिस्किटं आणली होती. आत्ता खाली जावं, रस्त्यातच गाठावं, आणि ते सदऱ्याच्या खिशातलं पिवळं कार्ड त्यांच्याच हातात द्यावं, असं त्याला वाटलं. पण दोर अर्धवट सोडून खाली उतरता येत नव्हतं. त्या सक्तीच्या थांबण्याने मोठं काम केलं.

काही वेळाने पाय परत आले. आता बॅग खाली होती, आणि मजला आला की तिची चारही चाकं सुरेख फिरत होती. वळणावर येऊन पाय पुन्हा थांबले. बॅग पुढे गेली, मागे आली, पुढे गेली, मागे आली, पाळण्यातल्या बाळाला झुलवावं तशी. हे बराच वेळ चाललं. मग सासरे पायरीवर बसले, त्यामुळे पहिल्यांदाच पूर्ण दिसले. त्यांनी रुमालाने चाकांवरची धूळ पुसली. मग पट्टी सोडून पुन्हा घट्ट बांधली, आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "आई गं." ते त्यांना पसंत पडलं नसावं. त्यांनी जरा खालच्या सुरात पुन्हा म्हणून पाहिलं, मान हलवली, बॅग उचलली आणि लंगडत वर गेले.

जावयाचा राग कुठे गेला ते त्याचं त्यालाही कळलं नाही. जिला थांबवायचं तिच्याच बॅगेचं चाक दुरुस्त करून आणणारा माणूस त्याने पहिल्यांदाच पाहिला होता.

काम आटोपून तो वर गेला तेव्हा सासरे खोलीत झोपले होते, निदान तसे पडले होते. स्वयंपाकघरात सासूबाई बाजारातून आणलेली भाजी निवडत बसल्या होत्या. तो नळाखाली हात धुऊ लागला. सांगावं की न सांगावं, असं त्याचं चाललं होतं.

"दिसले वाटतं तुम्हाला," सासूबाई भाजीवरची नजर न काढता म्हणाल्या.

त्याच्या हातातला साबण निसटला. "तुम्हाला माहीत होतं, आई?"

"पहिल्या चार दिवसांत बरा झाला पाय. रात्री मला बाजूला सरकवतात ना, त्याच पायानं." त्यांनी एक पान उलटंपालटं करून पाहिलं. "आणि असं बघा, इतकी वर्षं काढली मी त्यांच्याबरोबर. खरं दुखतं तेव्हा ते ओरडत नाहीत. गप्प बसतात."

जावयाला तो "अच्छा" आठवला. टीव्हीचा बंद केलेला आवाज आठवला. इतके दिवस तो समजत होता की सासरे रागावले आहेत. तो ओल्या हातांनीच गॅलरीत गेला आणि त्याने नव्या कंपनीला फोन लावला.

संध्याकाळी सगळे जमले. मामा आले होते, अजून थोडे लंगडत, पण त्यांचं लंगडणं प्रामाणिक होतं. चहा झाला. मामांनी विषय काढलाच, की आता तरी जावईबापूंनी एकदा कबूल करून टाकावं, कुणी त्यांना खाणार नाही. बायको खिडकीपाशी बसली होती. तिने हात मांडीवर घट्ट धरले होते.

"लिफ्ट चालू झाली," जावई म्हणाला. "दुपारीच केली. टपावर उभं राहून. तिथून जिना फार छान दिसतो."

सासऱ्यांचा कप ओठांपाशी थांबला.

"बाबा, एक नियम विचारायचा होता."

"विचारा," सासरे म्हणाले.

"मॅचमध्ये एखादा पडून राहिला, खेळ थांबला. तेवढा वेळ वाया गेला, त्याचं काय करतात?"

"शेवटी भरून देतात."

"आणि तो खोटाच पडला असेल तर?"

सासऱ्यांनी कप खाली ठेवला. हा प्रश्न त्यांना आयुष्यात अनेकांनी विचारला होता, आणि त्यांनी कधी पापणीही न हलवता उत्तर दिलं होतं. आज त्यांना वेळ लागला. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"खोटा पडला असेल तर त्याला पिवळं कार्ड," ते म्हणाले. मग हळूच, "पण वेळ गेला तो गेलाच. तो भरून द्यावाच लागतो. नियम आहे तसा."

"किती द्यायचा, ते कोण ठरवतं?"

"पंच."

जावई उठून गालिच्यावर उभा राहिला. त्याने दोन्ही हात वर केले, एकाची पाचही बोटं पसरली आणि दुसऱ्याची दोन. "सात दिवस," तो म्हणाला. "कंपनीशी बोललोय. घरात दुखापत झालीय, आठवडा उशिरा येतो म्हटलं. पुढच्या रविवारी आम्ही दोघं निघू. दोघं."

बायकोने आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग वडिलांच्या पायाकडे, मग कोपऱ्यात उभ्या असलेल्या बॅगेकडे. बॅग चार चाकांवर सरळ उभी होती. ती उठली, वडिलांच्या खुर्चीमागे गेली आणि तिने आपली हनुवटी त्यांच्या डोक्यावर टेकवली. लहानपणी ती अशीच उभी राहून त्यांच्याबरोबर मॅच बघायची.

सासऱ्यांनी खिशात हात घातला. पिवळं कार्ड काढलं, जरा वेळ त्याकडे पाहिलं, आणि स्वतःकडे वळवून छातीसमोर धरलं.

"हे कुणाला?" मामांनी विचारलं.

"मला."

"का?"

"वेळकाढूपणा," सासरे म्हणाले. मग त्यांनी कार्ड आत ठेवलं आणि जावयाकडे पाहिलं. "आणि त्या दिवशी तू काही मुद्दाम केलं नाहीस, पोरा. गालिचा सरकला. मला तेव्हाच दिसलं होतं."

हे बोलताना ते मामांपुढे धडधडीत हरत होते, आणि ते त्यांना माहीत होतं. आता मामांनी उड्या मारायला हव्या होत्या. त्यांचा लाल गडी निर्दोष सुटला होता. पण मामांनी आपली नडगी चोळली आणि मान हलवली.

"नाही भाऊजी. मुद्दामच होतं. तुम्हाला नजर ओळखता येत नाही."

पुढचा आठवडा त्या घरात कुणी लंगडलं नाही. सासरे रोज संध्याकाळी मुलीला घेऊन लिफ्टने खाली उतरत आणि जुन्या मैदानापर्यंत फिरून येत. काय बोलत ते कुणाला कळलं नाही. लिफ्ट त्यांना इतकी आवडली की काही काम नसतानाही ते एखादी फेरी मारत आणि शेजाऱ्यांना, आमच्या पोरानं केली, म्हणून सांगत. शनिवारी त्यांनी गालिच्याला खालून रबराच्या पट्ट्या चिकटवल्या. पुढच्या वेळी प्रात्यक्षिक झालं तर अपघात नको, म्हणाले. पुढची वेळ कधी, ते कुणी विचारलं नाही.

रविवारी सकाळी टॅक्सी दारात आली. बॅग आपली आपण चालत गेल्यासारखी डिकीपर्यंत गेली. सासूबाईंनी डबा दिला, मामांनी प्रवासात सांभाळून बसा, ड्रायव्हर निळ्या संघाचा दिसतो, असं जावयाच्या कानात सांगितलं. सासरे फुटपाथवर उभे होते. बायको त्यांच्या पाया पडायला वाकली तर त्यांनी तिला मध्येच धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. मग ते दोन पावलं मागे सरले, खिशातून शिट्टी काढून ओठांत धरली आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभे राहिले.

"निघायचं का?" ड्रायव्हरने विचारलं.

जावयाने खिडकीतून पाहिलं. शिट्टी ओठांत होती, घड्याळावर नजर होती, आणि ते काही ती फुंकत नव्हते. शेजारी बायकोने त्याचा हात घट्ट धरला.

"जरा थांबा," तो म्हणाला. "अजून शिट्टी झाली नाही."

ड्रायव्हरने वळून फुटपाथवरच्या माणसाकडे एकदा पाहिलं आणि इंजिन बंद केलं.